अडतीस दिवसांचा लिलांव

'कवडी' हा शब्द आपल्या भाषेनें दोन अगदीं उलट कामांना लावला आहे. एखादी वस्तु टाकाऊ ठरली कीं आपण तिला कवडीमोल म्हणतों; जवळ फुटकी कवडीहि नाहीं असें सांगून दारिद्र्याची परिसीमा दाखवितों. उलट त्याच कवड्यांची माळ गळ्यांत घालून तुळजाभवानीचा भुत्या दारीं आला म्हणजे घरांतील वडील माणसें त्या माळेपुढें हात जोडतात. वस्तु एकच, समुद्रांतील एका गोगलगाईचें रिकामें घर. त्याला मोल येतें कोठून, आणि एकदां आलेलें मोल जातें कोठें, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. या प्रश्नाचा उलगडा दूर लंडन शहरीं झालेल्या एका लिलांवांत फार चांगला पाहावयास मिळतो. त्या लिलांवाची हकीकत आज सांगावयाची आहे.

इ. स. १७८६ च्या एप्रिल महिन्याची २४ तारीख, सोमवार. व्हाइटहॉलनजीक प्रिव्ही गार्डन या ठिकाणीं पोर्टलंडच्या डचेसचा वाडा होता. ही डचेस, मार्गारेट बेंटिंक, आदल्या वर्षाच्या जुलै महिन्यांत सत्तर वर्षांची होऊन वारली होती. तिनें जन्मभर जमविलेल्या संग्रहाचा लिलांव त्या दिवशीं त्याच वाड्यांत सुरू झाला, आणि रविवार व राजाच्या वाढदिवसाची सुटी वगळून ७ जूनपर्यंत अडतीस दिवस चालला. एका बोलीस काढावयाच्या जिनसांच्या गटाला तिकडे 'लॉट' म्हणतात. असे चार हजारांहून अधिक लॉट छापील यादींत होते. चिनी मातीचीं भांडीं, जडजवाहीर, कोरीव रत्नें, पोंवळीं, पक्ष्यांचीं अंडीं, खनिजें असें पुष्कळ कांहीं त्यांत होतें. पण सर्वांत मोठा भाग शंखशिंपल्यांचा होता. त्या काळच्या इंग्लंडांत याच्या तोडीचा दुसरा शंखसंग्रह क्वचितच सांपडला असता.

या बाईला संग्रहाची आवड वारशानेंच मिळाली होती, आणि संग्रह मोडतो कसा हेंहि तिनें तरुण वयांतच पाहिलें होतें. तिचा बाप एडवर्ड हार्ली, ऑक्सफर्डचा अर्ल, हा मोठा ग्रंथसंग्राहक. तो १७४१ सालीं वारला तेव्हां त्याचें छापील पुस्तकांचें अफाट भांडार टॉमस ऑस्बर्न नांवाच्या पुस्तकविक्यानें १३,००० पौंडांस घेतलें. त्या ग्रंथांच्या नुसत्या बांधणीचा खर्चहि याहून अधिक झाला होता, असें सांगतात. भांडाराची यादी करण्याच्या कामावर ऑस्बर्ननें डॉक्टर जॉन्सनसारखा विद्वान् नेमला. पण यादी पुरी होऊन पुस्तकें चोहोंकडे पांगलीं. हस्तलिखितांचें नशीब मात्र निराळें निघालें. १७५३ सालीं पार्लमेंटनें ब्रिटिश म्यूझियमची स्थापना केली, तेव्हां तीं हस्तलिखितें डचेसनें व तिच्या आईनें १०,००० पौंड घेऊन राष्ट्राच्या स्वाधीन केलीं. रक्कम त्यांच्या योग्यतेच्या मानानें थोडी होती. परंतु संग्रह अखंड राहिला, आणि आजहि तो हार्ली घराण्याच्या नांवानेंच ओळखला जातो. एकाच घरांतील दोन संग्रहांपैकीं एक पांगला, एक टिकला. मुलीच्या शिंपल्यांच्या वांट्यास यांपैकीं कोणती गत यावयाची होती हें पाहण्यापूर्वीं, शिंपल्यांचें हें वेड युरोपांत आलें कोठून तें पाहूं.

तें आलें पूर्वेकडील जहाजांतून. सतराव्या शतकांत डच ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें मसाल्याबरोबर मोलुक्का बेटांतील रंगीत शंख आणूं लागलीं, आणि हॉलंडांतील सुखवस्तु माणसांच्या कपाटांत लवंग-जायफळापेक्षां त्यांचाच थाट अधिक दिसूं लागला. रेम्ब्रांट या थोर चित्रकारालाहि हा छंद होता. १६५० सालीं त्यानें एका संगमरवरी ठिपक्यांच्या शंखाचें चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलें. छापतांना चित्र उलटें होतें ही गोष्ट सही करतांना त्याच्या लक्षांत होती, शंख कोरतांना मात्र राहिली नाहीं. म्हणून छापांत सही सरळ व शंखाचे वेढे उलटे आले! पुढें १६५६ सालीं त्याचें दिवाळें निघालें, तेव्हां सरकारी यादींत त्याच्या शंखांचीहि नोंद झाली आणि तेहि विकले गेले. शंखाच्या पायीं माणसें किती वेडीं होत, हें आणखी एका डच संग्राहकाच्या उदाहरणावरून दिसेल. पिएर लिओने हा १७८९ सालीं वारल्यावर त्याची चित्रें व शिंपले निरनिराळ्या वेळीं लिलांवांत निघाले. व्हर्मीर या चित्रकाराचें, निळा पोषाख करून पत्र वाचीत उभ्या असलेल्या स्त्रीचें चित्र अवघ्या ४३ गिल्डरांस गेलें; आणि वेस्ट इंडीजकडील एका शंखाला दोनशेंहून अधिक गिल्डर मिळाले. त्या शंखाचें लॅटिन नांव 'सेडो नुल्ली', म्हणजे 'मी कोणास हार जाणार नाहीं' असें आहे. आज तें चित्र ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयाचें भूषण आहे, आणि तो शंख तज्ज्ञांवांचून कोणास ठाऊकहि नाहीं.

परंतु हा सारा खेळ श्रीमंतीचाच होता असें समजणें अन्यायाचें होईल. अंबोइना बेटावर कंपनीच्या नोकरींत असलेल्या रुम्फियस नांवाच्या गृहस्थानें तेथील शंखांचा व त्यांत राहणाऱ्या जीवांचा अभ्यास आरंभिला. १६७० सालीं त्याची दृष्टि गेली. १६७४ च्या भूकंपांत त्याची बायको व मुलगी मरण पावली. १६८७ च्या आगींत त्याचीं चित्रें जळालीं. त्यापूर्वीं, १६८२ सालीं, त्याचा आवडता संग्रह टस्कनीच्या ग्रँड ड्यूककडे विकला गेला होता. इतकें होऊनहि हा आंधळा मनुष्य शंख हातांनीं चांचपून, दुसऱ्यांकडून लिहवून घेत राहिला. त्याचा ग्रंथ तो वारल्यानंतर तीन वर्षांनीं, १७०५ सालीं, ॲमस्टरडॅमला प्रसिद्ध झाला. शंख गेले, शंखांविषयींचें ज्ञान उरलें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचाच प्रत्यय येणार आहे.

शिंपल्यांना दुसरीहि एक वाट होती, ती कारागिराच्या हातून जाणारी. नॉटिलस या जलचराचा मोत्यासारखा चमकणारा शंख सोन्याचांदीच्या बैठकीवर बसवून त्याचे पेले करण्यांत जर्मन व डच सोनार निष्णात होते. या कामांत आपल्या पश्चिम किनाऱ्याचाहि वांटा आहे. सोळाव्या शतकांत गुजराथचे कारागीर शिंपेच्या चकचकीत थराचे लहान लहान तुकडे कापून लांकडी पेट्यांवर बसवीत, किंवा पितळी खिळ्यांनीं ते एकमेकांस जोडून पराती आणि सुरया बनवीत. पोर्तुगीज व्यापाराच्या मार्गानें हा माल लिस्बनला जाई, आणि तेथून राजवाड्यांत पोंचे. गुजराथी शिंपेची अशी एक पेटी १५३२-३३ च्या सुमारास पॅरिसच्या पिएर मांगो या सोनारानें सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीनें मढविली. ती आज लूव्हर संग्रहालयांत आहे. हेंच शिंपेचें जडावकाम फत्तेपूर शिक्री येथें शेख सलीम चिस्तीच्या कबरीवरील छत्रींत दिसतें. गोव्यांतील जुन्या घरांच्या खिडक्यांना कांचेऐवजीं पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांचीं तावदानें असत, तींहि पुष्कळांनीं पाहिलीं असतील. शिंपेंतून गाळून येणारा तो दुधी प्रकाश ज्यानें पाहिला आहे, त्याला राजेरजवाड्यांचें हें वेड अगदींच अनाकलनीय वाटणार नाहीं.

इंग्लंडांत हें काम सोनारांच्या दुकानांतून निघून घरंदाज स्त्रियांच्या हातीं आलें. गुडवुड येथें रिचमंडच्या डचेसनें आपल्या मुलींसह एका छोट्या मंडपाच्या भिंती व छत शिंपल्यांनीं मढविलें. त्या कामास सात वर्षें लागलीं, असें सांगतात. आपल्या डचेसची जिवलग मैत्रीण मेरी डिलेनी ही या कलेंत फार कुशल. डब्लिनजवळच्या आपल्या घरांतील देवघराचें छत तिनें शिंपल्यांच्या फुलावेलींनीं सजविलें होतें. बल्स्ट्रोड येथील डचेसच्या बागेंतील शिंपल्यांच्या गुहेलाहि तिचाच हात लागला. डब्लिनचें तें घर पुढें पाडलें गेलें आणि तें काम नाहींसें झालें. परंतु वयाच्या बहात्तराव्या वर्षीं तिनें कागद कातरून फुलांचीं चित्रें करण्यास आरंभ केला; तीं जवळजवळ एक हजार चित्रें ब्रिटिश म्यूझियममध्यें सुरक्षित आहेत. एकाच हाताचें एक काम गेलें व एक राहिलें, याला कारण कलेंतील उणेंअधिक नव्हे. एक भिंतीवर होतें, आणि दुसरें संग्रहालयांत पोंचलें, एवढेंच.

आतां पुन्हा डचेसकडे वळूं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिनें आपला वेळ आणि पैसा या एका कामाला वाहिला. कॅप्टन कुकच्या जहाजांवरील खलाशी दक्षिण समुद्रांतून परत येत तेव्हां तेथील शंख चांगल्या किंमतीला खपत, आणि त्यांतील उत्तमोत्तम माल तिच्याकडे येई. पण नुसतें जमविणें हा तिचा हेतु नव्हता. आपल्या संग्रहांतील ज्या ज्या जातींचें वर्णन जगांत कोणींहि केलेलें नाहीं, त्या सर्वांचें वर्णन करवून तें प्रसिद्ध करावें, अशी तिची प्रतिज्ञा होती. त्यासाठीं तिनें लिनीअसचा शिष्य डॅनियल सोलँडर याला गांठलें. कुकच्या पहिल्या सफरीवर गेलेला हा विद्वान् ब्रिटिश म्यूझियममधील आपलें काम सांभाळून तिच्या शिंपल्यांचें वर्गीकरण करीत असे. जॉन लाइटफुट हा तिचा धर्मोपदेशक स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याचेंहि साहाय्य होतें. काम चांगलें चाललें असतां १७८२ सालीं सोलँडर एकाएकीं वारला. तीन वर्षांनीं डचेस गेली. वर्णनें अपुरीं राहिलीं, ग्रंथ झालाच नाहीं, आणि वारसांनीं संग्रह विकावयास काढला.

विक्रीसाठीं केलेल्या यादींत शंख शास्त्रीय क्रमानें लावलेले नव्हते. रोज निरनिराळ्या आवडीचें गिऱ्हाईक यावें म्हणून भलभलत्या जिनसा एकत्र मांडल्या होत्या, आणि प्रस्तावनेंत त्याबद्दल सबब सांगावी लागली होती. ज्या बाईनें जन्मभर शिंपल्याला शिंपल्याशेजारी बसवून त्यांचीं नातीं जुळविलीं, तिच्या कपाटांतील तीं नातीं बोलीगणिक तुटत गेलीं. अखेरच्या दिवशीं एक प्राचीन रोमन कांचपात्र निघालें. निळ्याजांभळ्या कांचेवर शुभ्र आकृति कोरलेलें हें पात्र डचेसनें थोड्याच दिवसांपूर्वीं सर विल्यम हॅमिल्टन याजकडून घेतलें होतें. तिच्याच मुलानें, तिसऱ्या ड्यूकनें, तें ९८० गिनींना सोडवून घेतलें. 'पोर्टलंड कलश' म्हणून प्रसिद्ध असलेलें हेंच तें पात्र. पुढें वेजवुड या कुंभारकामांतील उस्तादानें त्याची हुबेहूब प्रतिकृति केली, १८४५ सालीं संग्रहालयांत एका माणसानें त्याचे तुकडे केले, ते सांधले गेले, आणि १९४५ सालीं ब्रिटिश म्यूझियमनें तें विकत घेतलें. सबंध लिलांवांत सुमारें ११,००० पौंड जमले. कलशाला घरचा वाली भेटला. शिंपल्यांना भेटला नाहीं. ते व्यापाऱ्यांकडे व हौशी लोकांकडे गेले, त्यांच्या मृत्यूनंतर पुन्हा लिलांवांत आले, पुन्हा पांगले. त्यांतील थोडे फिरत फिरत संग्रहालयांत पोंचले. बाकीचे नांवगांव हरवून कोणाच्या तरी फडताळांत मिसळून गेले.

मग राहिलें काय? राहिली ती विक्रीची छापील यादी. तिच्यावर कर्त्याचें नांव नव्हतें, पण ती लाइटफुटनें केली असें पुढें अभ्यासकांनीं ठरविलें. सोलँडरनें जातींना दिलेलीं नांवें तिच्यांत त्याच्या आद्याक्षराची खूण करून घातलेलीं होतीं, आणि कांहीं जातींचें थोडक्यांत वर्णनहि होतें. गिऱ्हाइकाला माल कळावा एवढ्यासाठीं लिहिलेल्या त्या दोन-दोन ओळी जीवशास्त्रज्ञांनीं पुढें प्रमाण मानल्या. आज कांहीं जातींच्या शास्त्रीय नांवापुढें 'लाइटफुट, १७८६' असें लिहावें लागतें. नॉटिलसची एक दुर्मिळ जात आहे. तिच्या शंखावर दाट केसाळ थर असतो. तिला तें नांव याच यादीनें दिलें. तो प्राणी जिवंत अवस्थेंत शास्त्रज्ञांनीं नीट पाहिला तो १९८४ सालीं, आणि पापुआ न्यू गिनीजवळ पुन्हा दिसला तो २०१५ सालीं. सोलँडरचें अपुरें काम त्याच्या मागून दोनशें वर्षांनीं असें उपयोगी पडलें, आणि तेंहि एका विक्रीच्या कागदामुळें.

श्रोतेहो, याच लंडन शहरांत त्याच काळीं शिंपल्यांचे दुसरेहि लिलांव होत असत. त्यांना सचित्र यादी नव्हती. मालदीव बेटांच्या उथळ पाण्यांत गोळा केलेल्या कवड्या बंगाल व सिलोनमार्गे जहाजांच्या तळाशीं भरून लंडनला व ॲमस्टरडॅमला येत, आणि तेथें वजनावर विकल्या जात. घेणारे होते गुलामांचे व्यापारी. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कवडी हें चलन होतें. त्या कवड्या देऊन माणसें विकत घेत, आणि तीं अमेरिकेच्या मळ्यांवर नेत. अठराव्या शतकांत अशा अब्जावधि कवड्या आफ्रिकेंत उतरल्या. इंग्लंडनें हा गुलामांचा व्यापार कायद्यानें बंद केला तो १८०७ सालीं. म्हणजे व्हाइटहॉलच्या वाड्यांत एका दुर्मिळ शंखासाठीं बोली चढत होती, त्याच वर्षीं त्याच शहरांत कवड्यांच्या गोण्यांनीं माणसाचें मोल ठरत होतें. आपण ज्या कवडीला कवडीमोल म्हणतों तिनें एका खंडाचे लाखों संसार उद्ध्वस्त करण्यास हात लावला. दोष कवडीचा नाहीं. मोल शिंपल्याच्या अंगीं नसतें. तें माणूस त्याच्यावर लादतो, आणि तें कशासाठीं लादलें याचा जाब माणसालाच द्यावा लागतो.

असें लादलेलें मोल किती अल्पजीवी असतें याचें उदाहरण 'समुद्राचें वैभव' या नांवाच्या शंखाचें आहे. १७७७ सालीं केम्निट्झ यानें त्याला नांव दिलें. त्यानंतर दीडशें वर्षांहून अधिक काळ सबंध जगांत त्याचे मोजकेच नमुने ठाऊक होते. आपल्याजवळ एक असतां लिलांवांत दुसरा निघाला, म्हणून एका संग्राहकानें तो विकत घेऊन पायाखालीं चिरडला, अशी दंतकथा सांगतात. १९५१ सालीं न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयांतील नमुना चोरीस गेला. पुढें १९६९ सालीं ग्वादलकनाल बेटाजवळ पाणबुड्यांना या शंखांची वसति सांपडली. शंभरांहून अधिक शंख हातीं आले आणि भाव कोसळला. शंखाच्या सौंदर्यांत रेसभरहि फरक पडला नव्हता!

आपल्याकडेहि हा भ्रम नाहीं असें नाहीं. दक्षिणावर्ती शंख दुर्मिळ, म्हणून तो घरीं असावा अशी पुष्कळांची श्रद्धा असते. आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर सहज मिळणारा, जन्मतःच उलट्या वेढ्यांचा एक निराळाच शंख त्याच नांवानें बाजारांत विकला जातो. ज्याला जात ओळखतां येत नाहीं तो पैसे शंखाचे देत नाहीं, नांवाचे देतो. शिवाय आतां कायद्याचाहि विचार हवा. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नॉटिलससारख्या कांहीं जातींना संरक्षण दिलेलें आहे. आणि शंभर वर्षांहून जुनी, कारागिरीची वस्तु परदेशीं नेण्याला त्याच सालच्या पुरातन वस्तूंच्या कायद्याची आडकाठी आहे. जुनी शिंपेची पेटी पाहून मोह पडला, तरी ती आली कोठून हें आधीं विचारावें.

डचेसच्या अडतीस दिवसांच्या लिलांवापासून घेण्यासारखा धडा साधा आहे. संग्रह कायम राहील याची शाश्वति राजाच्या घरींहि नसते. आज ना उद्यां तो वांटला जातो, विकला जातो, किंवा अडगळींत पडतो. परंतु वस्तूबरोबर तिची ओळख लिहिलेली असेल, तर वस्तु हरवली तरी सारें हरवत नाहीं. आपल्या मुलांनीं रत्नागिरीच्या किंवा अलीबागच्या वाळूंतून वेंचून आणलेले रिकामे शिंपले घरोघर डब्यांतून पडलेले असतात. त्या डब्यांत एक चिठी घालण्यास त्यांना सांगावें: हा शिंपला कोठें मिळाला, केव्हां मिळाला, कोणीं वेंचला. बाजारांत त्या शिंपल्याला कवडीहि मिळणार नाहीं. पण ज्या तीन गोष्टी हरवल्यामुळें डचेसचे कितीतरी शंख कायमचे मुके झाले, त्या तिन्ही गोष्टी त्या चिठींत सुरक्षित राहतील.